बाळाला घड्याळ कळत नाही

‘‘बाई गं, किती शहाणी आहे ही! एवढी माणसं जमलीत, पण रडण्याचा आवाज म्हणून नाही.’’

चिंचवडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बारशाला आलेल्या बहुतेक बायकांनी पाळण्यात डोकावून हेच उद्गार काढले. बाळ अवघे बारा दिवसांचे. अंगात झबले, डोक्याला झालरीची कुंची, गालाला तीट आणि डोळे मिटलेले. सकाळी सोनाराने कान टोचले, तेव्हाही ती जराशी कण्हली आणि पुन्हा झोपी गेली. घुगऱ्या वाटल्या गेल्या, पाळणे म्हणून झाले, बायका हळदीकुंकू घेऊन निघाल्या, तरी तिची झोप काही मोडली नाही.

बाळाचे बाबा आल्यागेल्याला फ्रिजच्या दारावर चिकटवलेला एक कागद मोठ्या कौतुकाने दाखवत होते. कारखान्यात ते उत्पादन नियोजन विभागात आहेत. कोणते यंत्र किती वाजता सुरू करायचे आणि किती वाजता थांबवायचे, हे ठरवण्यात त्यांचा दिवस जातो. त्यामुळे कागद कसा अगदी देखणा झाला होता. निळ्या चौकोनात दूध, हिरव्या चौकोनात झोप, पिवळ्यात अंघोळ. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि दोन. दर वेळी एका बाजूला दहा मिनिटे, दुसऱ्या बाजूला दहा. मध्ये काही नाही.

‘‘पहिले दोन दिवस रडली,’’ ते सांगत होते, ‘‘मग आपोआप सवय लागली. लहान मुलांना शिस्त हवीच असते.’’

पाळण्याशेजारी खुर्चीत बसलेली बाळाची आई हसली. बऱ्याच दिवसांनी तिला सलग चार तास झोप मिळाली होती.

खरे तर त्या कागदाची मागणी तिचीच होती. ती बँकेत अधिकारी आहे. संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही, अशी अकरा वर्षांची सवय. २०१७ च्या कायद्यातील दुरुस्तीमुळे तिला बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली होती आणि त्या सव्वीस आठवड्यांचाही तिने मनात आराखडा आखला होता. माहेर इंदूरचे. पहिले बाळंतपण तिथेच व्हायचे, पण वडिलांचे बायपासचे ऑपरेशन नेमके त्याच महिन्यात निघाले आणि आईला येता येईना. मग सासूबाई सांगलीहून आल्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, धुरी, यात त्यांनी काही कमी ठेवले नाही.

प्रसूती सुखरूप झाली. मुलीचे वजन २ किलो ९०० ग्रॅम भरले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले, तेव्हा ते २ किलो ७२० होते. दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितले होते की, पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, दहाबारा दिवसांत भरून येते, काळजी करू नका.

पण घरी आल्यावरच्या रात्रींसाठी तिची तयारी नव्हती. बाळ दर दीड तासाने उठायचे. चाळीस मिनिटे प्यायचे. खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, हळूच खाली ठेवावे, तो पाठ गादीला टेकते न टेकते तोच पुन्हा डोळे उघडे. एक पाजणे कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हेच तिला कळेनासे झाले. दुसऱ्या रात्री तीन वाजता ती पलंगावर बसून बाळाबरोबर स्वतःही रडली.

‘‘मला कुणीतरी वेळ ठरवून द्या,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘किती वाजता पाजायचं आणि किती वाजता झोपायचं एवढं कळलं, की मी सगळं करीन.’’

ज्या घरात बाळंतीण असते, तिथे सल्ल्यांना तोटा नसतो. इंदूरहून आईचा फोन, ‘‘रडली की घे, दुसरं काही बघू नकोस.’’ अमेरिकेतल्या जाऊबाईंनी एका पुस्तकाची शिफारस केली. त्यात म्हणे बाळाला आठ आठवड्यांत रात्रभर झोपायला शिकवता येते. शेजारणीने मोबाइलवर असे एक अ‍ॅप घालून दिले, ज्यात दर पाजण्याची नोंद केली की आलेख निघतो. आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी दवाखान्यात चार-चार तासांनीच पाजायला लावत. पोटाला विश्रांती लागते. तुझा नवरा असाच वाढला, काय झालं त्याला?’’

अमेरिका आणि सांगली यांचे एकमत झाल्यावर नवऱ्याने पट्टी आणि रंगीत पेने बाहेर काढली.

वेळापत्रकाचे पहिले दोन दिवस कसे गेले, ते तिने बारशाला कुणाला सांगितले नाही. पाजण्याच्या वेळेला दीड-दोन तास बाकी असतानाच बाळ रडायला लागायचे. सासूबाई खांद्यावर घेऊन येरझारा घालायच्या. ती मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची, म्हणजे रडणे ऐकू येऊ नये. पण कानांनी ऐकले नाही तरी शरीर ऐकायचेच. रडण्याच्या आवाजाबरोबर पान्हा फुटायचा आणि ब्लाऊज भिजून जायचा. मग घड्याळात सहा वाजले की बाळाला जवळ घ्यावे, तर ते रडून इतके दमलेले असायचे की चार घोट घेऊन छातीशीच झोपून जायचे. वीस मिनिटे भरली की निळ्या चौकोनावर बरोबरची खूण व्हायची.

तिसऱ्या रात्री सासूबाईंनी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळले आणि ते चाटण बोटाने बाळाच्या जिभेला लावले. बाळ सलग पाच तास झोपले. मग रोज रात्री जायफळ सुरू झाले आणि बाळ रोज थोडे थोडे शांत होत गेले. सातव्या दिवशी ते पाजण्याच्या वेळेलाही उठेना. त्याला उठवावे लागे. घरात सगळ्यांना वाटले, सवय लागली.

एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या नजरेला आली होती. रोज दोरीवर दहाबारा लंगोट वाळत असायचे, ते आता चारपाचच असत. ‘थंडीचे दिवस नाहीत, तरी कमी कसे?’ असे मनात आले आणि कामाच्या गडबडीत विरून गेले.

काट्यावरचा आकडा

चौदाव्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी होती. नवऱ्याने वेळापत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये घेतला होता. डॉक्टरांना दाखवायचा म्हणून.

बाळाचे कपडे काढून वजनकाट्यावर ठेवले. आकडा स्थिर झाला, २ किलो ६४०. डॉक्टरांनी बाळाला उचलले, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवले. तोच आकडा.

जन्मानंतर दोन आठवड्यांनी बाळाने निदान जन्माच्या वजनाला परत पोचायला हवे. ही मुलगी त्याच्या २६० ग्रॅम खाली होती, म्हणजे दवाखान्यातून घरी येतानाच्या वजनाहूनही कमी. डॉक्टरांनी त्वचा चिमटीत धरून पाहिली, तोंड ओले आहे का पाहिले, डोळ्यांत आणि छातीवर काविळीची छटा आहे का पाहिले, रक्त तपासायला पाठवले. लघवी किती वेळा होते, असे त्यांनी विचारले, तेव्हा बाळाच्या आईला उत्तर देता आले नाही. अ‍ॅपमध्ये तो रकाना तिने भरलाच नव्हता. उत्तर सासूबाईंनी दिले. ‘‘चार किंवा पाच. आणि काल लंगोटाला विटकरी डाग होता.’’

‘‘झोपते छान,’’ नवरा म्हणाला. ‘‘अगदी शांत आहे.’’

‘‘ती शांत नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ती दमली आहे. रडायलासुद्धा ताकद लागते.’’

हे वाक्य ऐकून तिच्या अंगावर काटा आला. बारशाचा दिवस, कान टोचतानाचे ते कण्हणे, बायकांचे कौतुक, सगळे एकदम डोळ्यांपुढून गेले. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. नवऱ्याने मोबाइल खिशात ठेवून दिला.

तपासण्यांत सुदैवाने काही गंभीर निघाले नाही. बाळाच्या तळपायावर टिचकी मारून त्याला पूर्ण जागे केले, तेव्हा ते जोराने चोखू लागले, हे डॉक्टरांना चांगले लक्षण वाटले. म्हणून भरती केले नाही. पण दोन दिवसांनी पुन्हा वजनाला आणायचे, तोवर मध्ये सुस्त वाटले किंवा पिईनासे झाले तर रात्री-अपरात्री निघून यायचे, असे बजावले. जायफळ त्याच क्षणापासून बंद. गुटी बंद, मध बंद, साधे पाणीसुद्धा नाही. सहा महिने आईचे दूध आणि डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब, याखेरीज पोटात काही जाता कामा नये.

जायफळाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण हा प्रकार अजून पुष्कळ घरांत चालतो. जायफळाने गुंगी येते हे खरेच आहे. ती झोप नव्हे. मोठ्या माणसालाही जायफळ जास्त झाले तर विषबाधेसारखा त्रास होतो. मग तीन किलोच्या जिवाला किती वेढे चालतील, हे सहाण कशी सांगणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन घरी निजवून जात. त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. ती मुलेही फार शांत असत. मधाचे कारण वेगळे. मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे वर्षाच्या आतील बाळाला क्वचित, पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने तिला आतल्या खोलीत नेऊन बाळाला पाजायला लावले आणि शेजारी बसून पाहिले. बाळ नुसतेच टोक तोंडात धरून चुळचुळ चोखत होते. सिस्टरने बाळाचे पोट आईच्या पोटाला लावले, नाक स्तनाग्रासमोर आणले, बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ करीपर्यंत थांबली आणि मग पटकन जवळ ओढले. आता हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, काळसर भागाचा बराचसा हिस्सा तोंडात गेला. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला. चौदा दिवसांत तिने तो पहिल्यांदाच ऐकला.

दूध कुठून येते?

घरी परतल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो आपल्या दुधाचा. सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, ‘‘आमच्या घराण्यातच बायकांना दूध कमी.’’ सून दुसऱ्या घराण्यातून आलेली असते, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आले नाही, ही गोष्ट वेगळी.

दूध आधी साठवून ठेवलेले आणि मग पुरवून वापरायचे असे नसते. ते जितके काढले जाते, तितके पुन्हा तयार होते. स्तन बराच वेळ भरलेला राहिला, की शरीराला निरोप जातो, एवढे नको आहे, कमी करा. चार-चार तासांनी, तेही अर्धवट पाजत गेले, तर आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होऊ लागते. मग ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचे दूध सुरू होते, बाळ त्यावर पोट भरून घेते, अंगावर आणखी कमी पिते आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळेच आटते. शेवटी ठपका येतो तो बाईवर. डिंकाच्या लाडवांचा यात दोष नाही, आणि खरे सांगायचे तर फारसे श्रेयही नाही. बाळंतिणीला भरपूर भूक लागते, तेव्हा तिने पोटभर खावे, हे मात्र शंभर टक्के खरे.

पहिल्या आठवड्यांत बहुतेक बाळे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितात. पोट इवलेसे आणि आईचे दूध पचायला हलके, म्हणून रात्रीही प्यावे लागते. दूध तयार करणारे संप्रेरक रात्रीच्या पाजण्याला अधिक प्रमाणात स्रवते, तेव्हा रात्रीचे पाजणे गाळले तर नुकसान दुप्पट. आणि ही पाजणी समान अंतराने होत नाहीत. कधी तीन तास, तर संध्याकाळी तासातासाला. त्यामुळे आईला वाटते की आपले दूध संपले. प्रत्यक्षात बाळ उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असते.

मग हे चार तासांचे घड्याळ आपल्या घरांत आले तरी कुठून? आजीच्या आजीकडे तर भिंतीवर घड्याळही नव्हते. याचा बराचसा माग लागतो न्यूझीलंडमध्ये. तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक असलेले डॉक्टर ट्रुबी किंग यांनी १९०७ साली माता-बालकांसाठी संस्था काढली. त्या काळी अस्वच्छ बाटलीच्या दुधाने मुले हगवणीने दगावत, त्यांना वाचवण्याची किंग यांची तळमळ खरी होती. आईच्या दुधाचे ते पुरस्कर्तेच होते. पण त्याबरोबर त्यांनी दर चार तासांनी पाजावे, रात्री मुळीच पाजू नये आणि रडले तरी फार उचलून घेऊ नये, अशी लष्करी शिस्तही सांगितली. ब्रिटिश साम्राज्यात ही पद्धत दूरवर पसरली. १९४६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक आले आणि तिकडची हवा हळूहळू बदलली, पण दवाखान्यांच्या सोयीची असल्यामुळे चार तासांची रीत पुढेही टिकून राहिली. बाळे एका खोलीत, आया दुसऱ्या खोलीत आणि परिचारिकेच्या पाळीप्रमाणे भेट! १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बालस्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू केली, तीत बाळाला चोवीस तास आईजवळ ठेवावे आणि मागेल तेव्हा पाजावे, हे स्पष्टच सांगितले. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातींनाही लगाम घातला.

तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुले ४१.८ टक्केच निघाली आणि सहा महिन्यांच्या आतील, केवळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. बाकीच्या सगळ्या आयांना दूध नव्हते, असे कोण म्हणेल?

याचा अर्थ वरचे दूध म्हणजे पाप, असाही नाही. काही बाळांना आणि काही आयांना खरोखरच त्याची गरज पडते. ती गरज डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावी, शेजारणीने रडणे ऐकून नव्हे, इतकेच.

सासूबाईंचे दूध

त्या रात्री अकरा वाजता बाळाला पाजून झाल्यावर सासूबाई बाळंतिणीच्या खोलीत येऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मला लागू पडतंय गं.’’

१९८६ साली त्यांचे बाळंतपण एका मोठ्या दवाखान्यात झाले. बाळ काचेपलीकडच्या खोलीत. चार तासांनी एक परिचारिका दुपट्यात गुंडाळून आणून देई आणि वीस मिनिटांनी घेऊन जाई. मधल्या वेळी बाटली असे. घरी आल्यावर त्यांनी तीच शिस्त पाळली, कारण शिकलेली सून म्हणून त्यांना दवाखान्याचे ऐकायचे होते. तिसऱ्या महिन्यात दूध आटले. त्यांच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत, ‘‘हिला दूधच नाही. पोर डब्यावर वाढतंय.’’ पुढे मुलाला जरा सर्दी झाली, ताप आला, दहावीला गणितात मार्क कमी पडले, तरी तेच निघायचे. इतकी वर्षे त्यांनी ते खरे मानले होते. म्हणून तर सून आल्यावर घराण्याचा दोष म्हणून आधीच सांगून ठेवले, तिला वाईट वाटू नये म्हणून.

‘‘मला वाटलं, तुला माझ्यासारखं ऐकून घ्यावं लागू नये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मीच उगाळून जायफळ दिलं.’’

सुनेने त्यांचा हात धरला. तिलाही स्वतःबद्दल सांगायचे होते, न्हाणीघरातल्या नळाबद्दल. तिने ते पहिल्यांदा त्या रात्री सांगितले. पुढच्या पाजण्याची वेळ झाली, तेव्हा दोघींपैकी कुणीही झोपलेले नव्हते.

पहिले दोन दिवस कठीण गेले. बाळ झोपेत असले तरी दोन-अडीच तासांनी उठवायचे. दुपटे काढायचे, तळवे चोळायचे, लंगोट बदलायचा आणि पाजायचे. पाजून झाल्यावर उरलेले दूध हाताने काढून उकळलेल्या वाटीत घ्यायचे आणि चमच्याने पाजायचे. वाटीचमच्याचे काम नवऱ्याने घेतले. पहिल्या वेळी निम्मे दूध बाळाच्या गळ्यापाशी सांडले. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यांचा हात बसला. फ्रिजवरचा कागद त्यांनीच काढला, पण फेकून दिला नाही. पालथा करून परत चिकटवला आणि कोऱ्या बाजूवर सासूबाईंच्या हातात पेन दिले. त्या आता ओल्या लंगोटांच्या रेघा मारू लागल्या. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात निदान सहा ओले लंगोट हवेत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी आठ.

दोन दिवसांनी वजन २ किलो ७२०. एकविसाव्या दिवशी २ किलो ९००. जन्माच्या दिवशी होते, तितके. एरवी कुणी याला प्रगती म्हटले नसते. त्या घरात त्या दिवशी शिरा झाला.

आता बाळ पुन्हा रडू लागले. चांगले खणखणीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारले, ‘‘आता का हो रडते? आधी किती शहाणी होती!’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता बरी आहे म्हणून रडते.’’

पण रडेपर्यंतही थांबायचे नाही, हे बाळाच्या आईला हळूहळू कळत गेले. रडणे ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मान इकडेतिकडे वळवते, जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाकडे नेते. त्याच वेळी घेतले तर ते शांतपणे नीट पिते. या खुणा ओळखायला तिला दहाएक दिवस लागले. हिशेबाच्या वहीत बसतील अशा त्या नव्हत्या, पण एकदा लक्षात आल्यावर चुकतही नव्हत्या.

झोपेचे काय? नवजात बाळ चोवीस तासांत साधारण चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस आणि रात्र यातला फरक त्याला जन्मतः कळत नाही. शरीरातले ते घड्याळ चालू व्हायला दोन-तीन महिने जातात. बाहेरून काटे फिरवून ते लवकर सुरू होत नाही. मदत मात्र करता येते. त्यांच्या घरी आता दिवसा खिडक्यांचे पडदे उघडे असतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणी कुजबुजत नाही. सकाळी कोवळ्या उजेडात मालीश, मग अंघोळ. रात्री दहानंतर मात्र एकच मंद दिवा. पाजायचे, बदलायचे, पण बोलायचे-खेळायचे नाही. याला वेळापत्रक म्हणता येणार नाही. एकामागून एक काय येते, इतका क्रम त्यात आहे. तासांचे आकडे नाहीत.

झोपवण्याच्या बाबतीत आणखी एक वाद झाला, मोहरीच्या उशीचा. सांगलीच्या आत्यांनी डोके गोल व्हावे म्हणून ती हौसेने शिवून पाठवली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आत उशीच नको. बाळ उताणे, सपाट आणि जरा घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नाही. १९९२ पासून अमेरिकेत बाळांना पालथे न निजवण्याचा सल्ला देण्यात आला आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तिकडे जवळजवळ निम्म्यावर आले. आत्यांना वाईट वाटू नये म्हणून ती उशी शोकेसमध्ये बाहुलीच्या डोक्याखाली ठेवली आहे. बाळ आईच्या पलंगाला लागून असलेल्या छोट्या खाटेवर झोपते. हात लांबवला की पोचते.

बाळाच्या आईची झोप अजूनही तुटकच आहे. पण दुपारी बाळ झोपले की तिनेही आडवे व्हायचे, पाहुणे आले तरी उठायचे नाही, हा नियम सासूबाईंनी केला आणि दाराशी उभे राहून पाळून घेतला. बाळंतिणीला सव्वा महिना कामाला लावू नये, ही जुनी रीत किती शहाणपणाची होती, ते त्या निमित्ताने नवऱ्यालाही कळले. पहाटेचे पाजणे झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि परत निजवणे त्यांच्याकडे आले. कारखान्यात आता ते अधूनमधून जांभया देतात.

सहा आठवड्यांच्या लसीला सगळे मिळून गेले. वजन ३ किलो ६४०. सुई टोचताच मुलीने असा काही टाहो फोडला की, बाहेर बसलेल्या आया दाराकडे पाहू लागल्या. डॉक्टर हसले. बाळाची आईही हसली, डोळे पुसत पुसत.

निघताना सासूबाई दारात थबकल्या. ‘‘डॉक्टर, एक विचारू का? माझं आता वय झालं, पण मनात राहिलंय. मला तिसऱ्या महिन्यात दूध आटलं होतं. तेव्हा म्हणजे, मला मुळात होतं ना?’’

डॉक्टरांनी दवाखान्याची सगळी हकिकत विचारून घेतली. बाटली कधी दिली, घरी किती वेळा पाजले, छाती दुखून घट्ट होत असे का.

‘‘पहिले पंधरा दिवस दगडासारखी व्हायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन वाजायची वाट बघत बसायची मी.’’

‘‘मग होतं की दूध,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘भरपूर होतं.’’

रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. मुलाने विचारले, ‘‘आई, काय झालं?’’ त्यांनी नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.

रात्री दोन वाजता बाळाने मूठ तोंडाशी नेली. आईने घेतले, पाजले. नवरा सवयीप्रमाणे उठून बसला, तोच दार ढकलून सासूबाई आत आल्या. खांद्यावर स्वच्छ फडके टाकलेले.

‘‘तू झोप रे,’’ त्या मुलाला म्हणाल्या. ‘‘आज ढेकर मी काढते.’’